पाण्याला वाट देणारे देवस्थान : मियाजिमा बेटावरील अर्धा दिवस

मियाजिमाला जाण्याचा बेत आखणाऱ्याने विमानाच्या तिकिटाआधी पंचांग हातात घ्यावे, असे मी मनापासून सांगेन. जपानच्या हिरोशिमा प्रांतातील या बेटावरचे इत्सुकुशिमा देवस्थान एका लहानशा खाडीत खांबांवर उभे आहे. भरतीला ते पाण्यावर तरंगत असल्यासारखे दिसते आणि ओहोटीला त्याच्या पायाशी वाळू, चिखल व शेवाळ उघडे पडते. या दोन्ही अवस्था पाहिल्याखेरीज ते देवस्थान पाहिले असे म्हणता येत नाही. भरती-ओहोटीतील फरक अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे सर्वांत मोठा असतो. कोकणात ज्याला उधाणाची भरती म्हणतात ती हीच. सेतो अंतर्समुद्राच्या या भागात अशा दिवसांत पाणी जवळजवळ चार मीटरने वर-खाली होते, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो. त्यामुळे घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत तिथी पाहूनही समुद्र आपल्याला किती दाखवणार आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

ओसाकाला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने हे सारे आधीच पाहून चैत्र पौर्णिमेनंतर लगेचचा दिवस निवडला होता. त्याची आई, म्हणजे माझी आक्का, प्रथम या तारखेवर नाराज होती. आमचे गाव निपाणी भागात दूधगंगेच्या काठी आहे आणि चैत्र पौर्णिमेला आमच्याकडील कितीतरी घरे जोतिबाच्या डोंगरावर असतात. आक्का तर दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारी. "देवाच्या पुनवेला देश सोडून कुठं जातोस रे?" असे तिने मला विचारले होते. "आत्ताच गेलं तर देऊळ पाण्यात बघायला मिळतंय, आई, आठ दिवसांनी गेलं तर नाही," असे भाच्याने फोनवर समजावल्यावर ती तयार झाली. मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसाची सहल घेण्याचा आग्रहही त्याचाच होता. मी इतिहासाचा शिक्षक होतो, तेव्हा वाचून गेलो की पुरे, असे मला वाटत होते. परंतु पुस्तकात कालक्रम असतो आणि या बेटावर भरतीचा क्रम चालतो. कोणती वास्तू कोणत्या घटकेला पाहायची हे तेथे रोज वावरणाऱ्या माणसालाच नेमके ठाऊक असते.

हिरोशिमा शहरातून रेल्वेने मियाजिमागुची स्थानकापर्यंत सुमारे अर्धा तास लागतो आणि तेथून बोटीने दहा मिनिटांत बेटावर पोहोचता येते. ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून शंभर येन कर घेतला जातो. तो बोटीच्या तिकिटातच धरलेला असतो. आमच्या मार्गदर्शक बाई धक्क्यावर छोटा झेंडा घेऊन उभ्या होत्या. वयाने साठीच्या आसपास, बोलणे सावकाश आणि इंग्रजी अगदी स्पष्ट. त्यांनी ओळख करून देण्याच्याही आधी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला, ज्यावर त्या दिवसाची पाण्याची पातळी तासागणिक सेंटिमीटरमध्ये छापलेली होती. पातळी अडीचशेच्या वर गेली की देवस्थान तरंगते आणि शंभरच्या खाली आली की समुद्रातील मोठ्या द्वारापर्यंत पायी जाता येते, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी दहाच्या सुमारास पूर्ण भरती होती. म्हणून आधी थेट देवस्थान, मग टेकडी, मग बाजार आणि शेवटी ते द्वार, असा क्रम त्यांनी लावला होता. आमच्या गटात हुबळीचे एक वयस्क दांपत्य होते. भाचा मार्गदर्शक बाईंचे बोलणे मराठीत सांगे आणि आक्का तेच पुढे त्या काकूंना कानडीत सांगे. सीमाभागातील माणसाला ही गोष्ट वेगळी शिकावी लागत नाही.

बेट आकाराने सुमारे तीस चौरस किलोमीटर आहे आणि मधोमध ५३५ मीटर उंचीचा मिसेन पर्वत आहे. बोटीतून पाहताना दाट झाडीने झाकलेला हा पर्वत सरळ पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो, आणि हे बेटच देव आहे ही जुनी श्रद्धा कशी निर्माण झाली असेल ते तेथेच उमगते. देवाच्या अंगावर पाय कसा ठेवायचा, झाडे तोडून तेथे पाया कसा खणायचा, या संकोचातूनच देवस्थान जमिनीवर न बांधता खाडीत बांधले गेले, असे परंपरा सांगते. पूर्वी यात्रेकरू बोटीत बसून समुद्रातील द्वाराखालून येत. सामान्यांना बेटावर पाऊल ठेवण्याची मुभा नसे.

देवस्थानाची स्थापना परंपरेने इसवी सन ५९३ मधील मानली जाते. परंतु आज दिसणारा पाण्यावरचा विस्तार हे बाराव्या शतकातील तायरा नो कियोमोरी या योद्ध्याचे काम आहे. तो तरुणपणी ११४६ मध्ये या भागाचा, म्हणजे आकी प्रांताचा, अधिकारी झाला. ११६७ मध्ये तो दरबारातील सर्वोच्च पदावर, महामंत्रिपदावर, पोहोचला आणि त्याच्या पुढल्याच वर्षी त्याने या देवस्थानाला हे भव्य रूप दिले. योद्धा घराण्यातील माणूस या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ होती. चीनशी चालणारा व्यापार सेतो समुद्रातून जात असे आणि त्या मार्गावर कियोमोरीचे बारीक लक्ष होते, त्यामुळे सागररक्षक देवीचे हे स्थान त्याच्यासाठी भक्तीचे तसेच राज्यकारभाराचेही केंद्र होते. त्याने आणि त्याच्या कुळातील लोकांनी ११६४ मध्ये येथे अर्पण केलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या सजवलेल्या गुंडाळ्या आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहेत. कियोमोरी ११८१ मध्ये वारला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, याच अंतर्समुद्राच्या पश्चिम टोकाला दान-नो-उरा येथे झालेल्या नाविक लढाईत त्याचे कुळ बुडाले. त्याचा नातू असलेला बालसम्राट आंतोकूही त्याच पाण्यात गेला. हे सांगताना मार्गदर्शक बाई काही क्षण थांबल्या. ज्या समुद्राने एका घराण्याला मोठे केले त्यानेच ते संपवले, हे शाळेत शिकवताना मला इतके जाणवले नव्हते.

आम्ही पूर्वेकडील ओवरीतून आत शिरलो तेव्हा पाणी फळ्यांखाली चांगलेच वर आले होते. शेंदरी रंगाचे खांब, त्यांच्यामध्ये टांगलेले कांस्याचे दिवे, वर हिनोकी वृक्षाच्या सालीने शाकारलेली छपरे आणि खाली हलणारे हिरवट पाणी. या ओवऱ्यांची एकूण लांबी सुमारे पावणेतीनशे मीटर आहे आणि त्या वळणे घेत एका मंडपातून दुसऱ्या मंडपात जातात. मी छपरांकडे पाहत होतो, परंतु मार्गदर्शक बाईंनी आम्हाला खाली पाहायला लावले. पायाखालच्या प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बोटभरापेक्षा कमी फट ठेवलेली होती आणि त्या फटीतून पाण्याची चमक दिसत होती. वादळात पाणी उसळून वर आले की ते या फटींतून वर येते, त्याचा जोर विरतो आणि ते पुन्हा फटींतूनच खाली जाते. फळ्या घट्ट जोडल्या असत्या तर खालून येणाऱ्या दाबाने सगळी जमीनच उचलली गेली असती. समोरच्या उघड्या मंचाखाली लाकडी खांबांऐवजी दगडी खांब आहेत, कारण तेथे लाटांचा मारा थेट होतो. सर्वांत महत्त्वाचे गर्भगृह सर्वांत मागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला आहे. समुद्राचा पहिला आघात मंच आणि ओवऱ्या सोसतात, त्यांचे नुकसान होते, ते दुरुस्त केले जाते, आणि गर्भगृह वाचते.

ही योजना बाईंकडून ऐकत असताना आक्का मध्येच म्हणाली, "आमच्या वाडीसारखंच की हे." ती अगदी योग्य बोलली होती. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात नदीचे पाणी शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करायला आमच्या भागातून लोक मुद्दाम जातात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. तेथे पाण्याला कोणी शत्रू मानत नाही. ते दर्शनाला आलेले असते. भाच्याने ही हकिकत मार्गदर्शक बाईंना सविस्तर सांगितली. त्यांनी पाणी किती दिवस राहते, लाकूड वापरले आहे की दगड, पुजारी तेव्हा कोठे जातात, असे एकामागून एक प्रश्न विचारले आणि उत्तरे आपल्या छोट्या वहीत लिहून घेतली. सहलीतील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठच्या आमच्या गावांमध्ये घरेच्या घरे खचली, आणि तेव्हापासून पाण्याला अडवावे कसे याचीच चर्चा आम्ही करत आलो आहोत. पाण्याला घरातून जाऊ देण्याची तयारी ठेवून बांधणारी माणसेही जगात आहेत आणि त्यांची वास्तू शतकानुशतके उभी आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या चर्चेकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

याचा अर्थ येथे काही मोडत नाही असा नाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हे देवस्थान आगीत दोनदा जळाले. सध्याचे मुख्य गर्भगृह १५७१ मध्ये पुन्हा उभारलेले आहे. सप्टेंबर २००४ मधील मोठ्या चक्रीवादळात मंचालगतची वादकांची एक इमारत कोसळली आणि छपरांचे व फळ्यांचे पुष्कळ नुकसान झाले. ते सारे नंतर पूर्वीसारखे बांधून काढण्यात आले. खांबांचा तळ खाऱ्या पाण्याने कुजला की तेवढाच भाग कापून त्या जागी नवे लाकूड सांधतात. एका खांबावर बाईंनी असा सांधा दाखवला. जुन्या आणि नव्या लाकडाची रेघ रंगाखालीही ओळखू येत होती. युनेस्कोने १९९६ मध्ये या देवस्थानाला आणि मागच्या मिसेनच्या अरण्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, पण त्या मान्यतेच्या पाटीपेक्षा ती सांध्याची रेघ मला अधिक सांगून गेली.

येथील मुख्य देवता म्हणजे तीन बहिणी असलेल्या सागरदेवी. त्यांच्यापैकी इचिकिशिमा-हिमे ही पुढे बौद्ध परंपरेतील बेंझाइतेनशी एकरूप मानली गेली, आणि बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. भारतातून चीनमार्गे बौद्ध ग्रंथांबरोबर ती जपानला पोहोचली, तेव्हा हातातील वीणेच्या जागी बिवा नावाचे तंतुवाद्य आले. नदीची आणि वाणीची देवता मात्र तशीच जलाशयाकाठी वस्ती करून राहिली. १८६८ मध्ये मेइजी सम्राटाच्या नव्या शासनाने शिंतो, म्हणजे जपानची मूळ देवपूजा, आणि बौद्ध उपासना सक्तीने वेगळ्या केल्या तेव्हा येथील बेंझाइतेनची मूर्ती देवस्थानातून हलवून शेजारच्या दाइगान-जी या बौद्ध मंदिरात नेण्यात आली. शेकडो वर्षे एकत्र नांदलेल्या दोन उपासना एका हुकुमाने तोडल्या गेल्या, ही घटना मला फार क्लेशदायक वाटते. परंतु बाईंनी सांगितले की गावातील वृद्ध माणसे आजही देवस्थानात नमस्कार करून निघाली की दाइगान-जीच्या दारातही थांबतात. आम्हीही तेच केले. देवस्थानात दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून, पुन्हा एकदा वाकून नमस्कार करायचा असतो. बौद्ध मंदिरात टाळी न वाजवता नुसते हात जोडायचे. आक्काने दोन्हीकडे हात जोडले आणि सरस्वतीचा श्लोक म्हटला.

गर्भगृहासमोरच्या उंच मंचावर बुगाकू नावाची मुखवट्यांची प्राचीन नृत्ये होतात. ही परंपरा कियोमोरीने ओसाकाच्या शितेन्नो-जी मंदिरातून येथे आणली. यांतील काही नृत्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या सहवासातून जपानला मिळाली असे परंपरा मानते. हा बोधिसेन ७३६ मध्ये जपानला आला आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्याच हस्ते झाला. आमच्या अभ्यासक्रमात या माणसाचा उल्लेखही नव्हता, याचे मला वाईट वाटते. थोडे पुढे, पश्चिमेच्या ओवरीलगत, १६८० मध्ये बांधलेला नो या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा मंच आहे. नो मंचाखाली एरवी पदन्यासाचा आवाज घुमण्यासाठी मातीचे रांजण पुरतात, पण येथे खाली समुद्र असल्याने ते शक्य नव्हते. म्हणून मंचाची जमीनच घुमेल अशा पद्धतीने बांधली आहे. दरवर्षी १६ ते १८ एप्रिल या दिवसांत या मंचावर देवासमोर नो सादर होते. आषाढात, म्हणजे जुन्या चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्यातील सतराव्या तिथीला, कियोमोरीने सुरू केलेला वाद्यांचा उत्सव बोटींवर होतो. येथेही तिथी भरती पाहूनच ठरलेली आहे, कारण बोटींना देवस्थानापर्यंत येण्यासाठी उधाण लागते.

देवस्थानातून बाहेर पडून आम्ही मागच्या टेकडीवर चढलो. तेथील पाच मजली पॅगोडा १४०७ मधील असून त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. त्याच्या शेजारी सेन्जोकाकू हे विशाल सभागृह आहे, जे तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये युद्धातील मृतांसाठी सूत्रपठण व्हावे म्हणून बांधायला सांगितले. १५९८ मध्ये तो वारला आणि काम तेथेच थांबले. छताला तक्तपोशी नाही, लाकडाला रंग नाही, आणि चारशे वर्षांहून अधिक काळ ते तसेच अपुरे ठेवले आहे. ८५७ ततामींचा, म्हणजे तेवढ्या जपानी चटया मावतील असा, तो उघडा विस्तार, गुळगुळीत झालेल्या रुंद फळ्या आणि चारी बाजूंनी येणारा वारा. आक्का एका खांबाला टेकून बसली ती उठायलाच तयार नव्हती. चेरीचा बहर ओसरत आला होता आणि थोड्या पाकळ्या फळ्यांवर येऊन पडल्या होत्या.

याच टेकडीवर १५५५ मध्ये सुए हारुकाता या सरदाराचा तळ होता. त्याचा शत्रू असलेल्या मोरी मोतोनारी या सरदाराने बेटावर बंदराजवळ एक लहानसा किल्ला मुद्दाम आमिष म्हणून बांधला, सुएला मोठ्या सैन्यासह बेटावर उतरू दिले आणि वादळी रात्री पाठीमागच्या किनाऱ्यावर आपले थोडे सैन्य उतरवून पहाटे डोंगरावरून हल्ला केला. अरुंद जागेत अडकलेल्या मोठ्या सैन्याची दाणादाण उडाली आणि सुएने स्वतःचा प्राण घेतला. गनिमी काव्याच्या इतिहासावर वाढलेल्या मराठी माणसाला ही लढाई समजावून सांगावी लागत नाही. बाई हा प्रसंग थोडक्यात आटोपत होत्या, म्हणून मी त्यांना दोन-तीन प्रश्न विचारून थांबवले आणि त्यांनीही मग समोरची टेकडी, बंदर आणि मागची डोंगररांग हाताने दाखवत सारी हालचाल नीट समजावली. लढाईनंतर मोतोनारीने रक्ताने भिजलेली माती खरवडून बेटाबाहेर टाकायला लावली आणि देवस्थानाच्या फळ्या समुद्राच्या पाण्याने धुवून घेतल्या, ही गोष्ट त्यांनी स्वतःहून जोडली.

त्यावरून विषय शुचितेकडे वळला. या बेटावर जन्म आणि मृत्यू दोन्ही होऊ द्यायचे नाहीत असा जुना दंडक होता. दिवस भरत आलेल्या स्त्रीला पलीकडच्या किनाऱ्यावर नेत आणि मृतालाही तिकडेच पुरत. आजही बेटावर दफनभूमी नाही. हे ऐकून गटातील इतर देशांचे लोक चकित झाले होते, पण आक्का लगेच म्हणाली, "देवाला सोयर-सुतक लागू नये म्हणून की रे." हुबळीच्या काकूंनीही मान डोलावली. मला स्वतःला बाळंतिणीला दूर पाठवण्याची ही रीत कठोर वाटते आणि तसे मी बाईंना म्हणालोही. "तेव्हाच्या बायकांना काय वाटत होते ते कोणी लिहून ठेवले नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

बाजाराच्या रस्त्याने आम्ही भराभर निघालो. हरणे सगळीकडे मोकळी फिरतात. त्यांना काही खाऊ घालण्यास मनाई आहे आणि हातातील कागद ती ओढून घेतात, एवढे लक्षात ठेवावे. भात वाढण्याचे लाकडी पळे ही येथील जुनी कारागिरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेइशिन नावाच्या भिक्षूने बेंझाइतेनच्या बिवा वाद्याच्या आकारावरून हा पळा घडवायला शिकवले आणि बेटावरील लोकांना पोटापाण्याचा धंदा मिळवून दिला, असे सांगतात. बाजारात ७.७ मीटर लांबीचा प्रचंड पळा मांडून ठेवला आहे. खाण्याच्या बाबतीत आमच्यासारख्या शाकाहारी लोकांनी सावध राहावे. येथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कालवे आणि बाम जातीच्या माशाचा भात, शिवाय साध्या नूडलच्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो. मेपलच्या पानाच्या आकाराचे, आत गोड वाटाण्यासारख्या डाळीचे सारण भरलेले मोमिजी मांजू दिसायला फार सुंदर असतात, पण त्यांच्या आवरणात अंडे असते. आक्काने बरोबर आणलेल्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेळगावचा कुंदा आम्ही धक्क्याजवळच्या बाकावर बसून खाल्ला. कुंद्याचा एक तुकडा मार्गदर्शक बाईंनाही दिला आणि त्यांनी दूध किती वेळ आटवावे लागते हे विचारून घेतले.

तोपर्यंत पाणी पार मागे हटले होते. सकाळी ज्या ठिकाणी बोटी जात होत्या तेथे आता लहान मुले ओल्या वाळूतून धावत होती आणि आम्हीही त्या मोठ्या द्वारापर्यंत चालत गेलो. जपानीत या द्वाराला तोरीई म्हणतात. आताचे द्वार १८७५ मधील आहे. त्याची उंची सुमारे साडेसोळा मीटर आणि वजन सुमारे साठ टन आहे. दूरवरून ते नाजूक भासते, पण मुख्य खांबाला मिठी मारायची तर सहा-सात माणसे लागतील. हे दोन मुख्य खांब कापराच्या झाडाचे अखंड बुंधे आहेत आणि त्यांचा झाडाचा मूळ ओबडधोबडपणा तसाच राखलेला आहे. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की ते समुद्रतळात रोवलेले नाहीत. तळाखाली पाइनच्या लाकडाचे खुंट दाटीने ठोकून पाया केला आहे आणि त्यावर हे द्वार केवळ स्वतःच्या वजनावर उभे आहे. वरची आडवी तुळई आतून पोकळ पेटीसारखी असून तीत मुठीएवढे सुमारे सात टन दगड भरलेले आहेत, म्हणजे वजन वाढून द्वार लाटांत स्थिर राहते. मुख्य खांबांच्या पुढे-मागे चार लहान आधारखांब आहेत. तुळईच्या पूर्व टोकावर सूर्याचे आणि पश्चिम टोकावर चंद्राचे चिन्ह आहे.

जून २०१९ मध्ये या द्वाराची मोठी दुरुस्ती सुरू झाली तेव्हा आतील लाकूड वाळवीने आणि कुजण्याने अपेक्षेपेक्षा अधिक पोखरलेले आढळले आणि काम डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. त्या साऱ्या काळात द्वार परांचीने व कापडाने झाकलेले होते. दुरुस्तीआधी पर्यटक खांबांच्या भेगांत नाणी खोचत असत. त्या नाण्यांनी लाकूड खराब होते, म्हणून आता तसे न करण्याची विनंती केली जाते. आमच्यासमोरच एका तरुणाने नाणे काढले तेव्हा बाई त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या आणि दोन वाक्ये बोलल्या. त्याने ते नाणे खिशात ठेवले. मी खांबाच्या तळाशी चिकटलेले शंख-शिंपले आणि हिरवा पट्टा पाहत होतो. तो माझ्या डोक्याच्या बराच वर होता, म्हणजे सकाळी त्या उंचीपर्यंत पाणी होते.

येथे मार्गदर्शक बाईंची वेळ संपली. अर्ध्या दिवसात मिसेन पर्वत बसत नाही आणि त्यांनी तो बसवण्याचा प्रयत्नही केला नाही, हे मला आवडले. पायथ्याला शिंगोन या बौद्ध पंथाचे दाइशो-इन मंदिर आहे, ज्याची स्थापना ८०६ मध्ये कूकाई या आचार्याने केली असे मानतात. तेथे आपल्याकडच्या होमाचाच विधी आजही चालतो. वर पर्वतावर कूकाईने पेटवलेला अग्नी बाराशे वर्षांहून अधिक काळ तेवत ठेवला आहे असे सांगतात, आणि हिरोशिमाच्या शांती उद्यानातील १९६४ च्या ज्योतीसाठी येथूनही अग्नी नेला होता. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. रोपवेने वरच्या स्थानकापर्यंत गेल्यावरही शिखराला जायला अर्ध्या तासाची चढण आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी बरोबर काठी घ्यावी. आणि ज्यांना एकच अर्धा दिवस मिळणार आहे, त्यांनी उधाणाचे दिवस पाहून, पूर्ण भरतीच्या तासभर आधी बेटावर उतरावे व पाणी उतरेपर्यंत थांबावे. वाळूत चालायला जुन्या चपला आणि पाय पुसायला एक पंचा पिशवीत टाकला की झाले.